भोपळ्याला पहिला घाव

९ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळीच खडकी बाजारात जाऊन भोपळा आणला. लाल, घेरदार, देठ शाबूत. सहा किलोच्या वरच भरला. भाजीवाली म्हणाली, "चाचा, एवढा अख्खा कुणाला? घरात दोनच तर माणसं." म्हटलं, घरात दोन, बालवाडीत बावीस. दर वर्षी ती हेच विचारते, दर वर्षी मी हेच सांगतो. दोघांनाही पाठ आहे.

दसरा ते दिवाळी, आमच्या बालवाडीचा भोपळामहिना. हे अकरावं वर्ष. शाळा सातवीपर्यंत, मग फॅक्टरीत फिटर, चौतीस वर्षं कानस चालवली. आणि म्हातारपणी मास्तर झालो तो एका भोपळ्याच्या जिवावर! उपकार मोजायला बसलो तर ही वही पुरायची नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बोलायची नाही. उजवा हात थरथरतो. मांडीवर ठेवला की शहाण्यासारखा पडून राहतो, काही उचलायला गेलं की सुरू. पुढे नुसतं उ.हा. लिहीन. सारखं नाव काढलं की दुखणं लाडावतं.

हमीदा हल्ली चहा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणते, "दोनदा घ्या. गरम राहतो." चाळीस वर्षांच्या संसारानंतर बाईसाहेबांना काटकसर सुचली.

१० ऑक्टोबर

भोपळ्याचा गृहप्रवेश. मंगलताईंनी (बालवाडीच्या बाई) मुलांना गोल बसवलं. नियम माझा, दर वर्षीचा: आधी बघायचं, मग हात लावायचा, मग सांगायचं. आणि स्वतःला दिसलं तेच सांगायचं, दुसऱ्याचं ऐकून नाही. फॅक्टरीत तपासणीच्या साहेबांनी मला हेच शिकवलं होतं, फक्त शिव्या घालून.

मुलांची उत्तरं: गार आहे. खरखरीत आहे. आजोबांच्या गालासारखा आहे. (दाढी केली नव्हती.)

मग सुतळी. भोपळ्याच्या पोटाभोवती किती लागेल ते नुसतं बघून ठरवायचं. बहुतेकांची तोकडी पडली. एकाची दोन वेढे होऊन उरली. म्हटलं, अरे एवढी कशाला? म्हणाला, "भोपळा उद्या मोठा होईल ना." याला दूरदृष्टी म्हणतात.

शेवटी टप. बुडेल की तरंगेल? एकजात सगळे म्हणाले बुडेल. जड आहे म्हणून. मी खिशातून एवढासा लोखंडी नट काढला, टाकला, गेला तळाला. मग भोपळा सोडला. टपात असा डुलायला लागला जसा काही सासुरवाडीला आलाय. काय तो गोंगाट! टिचक्या मारून आवाज ऐकवला. ढब ढब. आत पोकळ, आत हवा. एवढंच सांगितलं. बाकीचं त्यांचं ती शोधतील.

ओवी आली नव्हती, ताप आहे म्हणे. चार वर्षांची, नाकावर राग. ती नसली की वर्ग अळणी.

बालवाडीत उंदीर फार. म्हणून संध्याकाळी भोपळा आमच्या घरी मुक्कामाला. डाव्या काखेत आणला. उ.हा. खिशात.

१२ ऑक्टोबर

आज सुलाबाई म्हणाल्या, "चाचा, घाव कधी घालणार?" सुलाबाई म्हणजे बालवाडीच्या मदतनीस. खडकवासल्याकडच्या. खिचडी त्यांची, शिस्तही त्यांची. मी म्हटलं, बुधवारी. सोळाला.

पहिल्या वर्षीचा दिवस आठवला. बालवाडीच्या दाराची बिजागरी बसवायला गेलो होतो, फुकट, निवृत्त माणसाला उद्योग हवा म्हणून. आत दोन बायका आणि एक भोपळा, तिघं गप्प. मंगलताईंना मुलांना बिया दाखवायच्या होत्या. सुलाबाई विळी पुढे करीनात. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नाही, थोरल्या लेकावर शस्त्र धरल्यासारखं होतं, असं त्यांच्याकडे मानतात. एकदा बाप्यानं चीर दिली की पुढं बाईनं कितीही चिरावा. मंगलताई शिकलेल्या, त्यांना हे पटत नव्हतं. पण सुलाबाईंना थोरला लेक आहे. मंगलताईंनी वाद घातला नाही. मला आजही त्यांचं त्याबद्दल कौतुक वाटतं.

सुलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही घाला की."
म्हटलं, "मी मुसलमान. चालेल?"
"बाप्या हाय न्हवं? झालं तर."

असा मी कामाला लागलो. विळ्या-भोपळ्याचं सख्य लोक टोमणा म्हणून म्हणतात. आमच्याकडे ते खरंच जमलं. पहिली काही वर्षं नुसता घाव घालून यायचो. मग एका मुलानं विचारलं, बिया आत कोण ठेवतं? बसलो. ते आजतागायत बसलोय.

१३ ऑक्टोबर, रविवार

इम्रान आला खराडीहून, सूनबाई आणि नात माहेरी. जेवताना माझा चमचा ताटाला लागून टणटण वाजला. त्यानं बघितलं. "अब्बा, हे कधीपासून? मी न्यूरोची अपॉइंटमेंट घेतो." मी म्हटलं, थंडी आहे. ऑक्टोबरात! पंखा पाचवर!

तो पुढे म्हणाला, "आणि लहान मुलांमध्ये सुरी घेऊन बसता. रिस्क कशाला?" त्यावर मी फार बोललो. नको तेवढं. (हे सगळं आमच्या घरच्या हिंदीत; वहीत आपसूक मराठी उतरतं.) हमीदा मध्ये पडली नाही, नुसती भाजी वाढत राहिली. पोरगा न रागावता गेला, त्याचंच वाईट वाटतंय.

तो गेल्यावर बटाट्यावर सुरी धरून बघितली. सुरी एकीकडे, बटाटा एकीकडे.

सुरी गेली तर घाव गेला. घाव गेला तर मी त्या खोलीत कोण? बिजागरी तर केव्हाच बसवून झाली.

१५ ऑक्टोबर

केलं. लिहायची लाज वाटते, पण या वहीशी खोटं बोललो तर मग खरं कुठं बोलू?

पहाटेची नमाज झाली. हमीदा दूध आणायला खाली गेली. मी भोपळा मोरीत चुंबळीवर बसवला, कोपर भिंतीला टेकवलं, दोन्ही हातांनी सुरी धरली आणि पोटावर, घेराच्या मधोमध, वीतभर चीर दिली. आत पोकळीपर्यंत. हात थरथरला तरी कोपर भिंतीला असल्यामुळे वाकडी गेली नाही. फिटरची खोड, आधी खडूनं रेघ आखली होती. मग ती चीर दाबून मिटवली, वरून गेरूचं बोट फिरवलं. लांबून ओळखू येत नाही. उद्या मुलांसमोर सुरी त्याच खाचेत ठेवायची आणि नुसती दाबायची. आपोआप जाईल.

कामात फसवेगिरी करणाऱ्या पोरांना मी फॅक्टरीत काय काय बोललोय. आज मला बोलायला कुणी नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर भोपळ्याकडं पाठ करून बसलो. हमीदा म्हणाली, "भांडण झालं का त्याच्याशी?"

१६ ऑक्टोबर

जसं घडलं तसं.

भोपळा चौरंगावर, खाली चादर. मुलं अर्धगोल, हातभर लांब. ही शिस्त सुलाबाईंची. मी सुरी हातात घेतली, तेवढ्यात ओवी दारात. ताप उतरलेला, केस विंचरलेले, राग जसाच्या तसा.

"मी नव्हते. मला तरंगायचं बघायचंय."

म्हटलं, "बाळा, आधी कापू, मग तरंगवू."

"कापल्यावर कसा तरंगेल? हवा जाईल ना."

तिला हवेचं कुणी सांगितलं? शेजारच्या मुलानं. म्हणजे पोरं घरी जाऊन सांगतात. एरवी मी आनंदानं नाचलो असतो.

मंगलताई म्हणाल्या, "दोन मिनिटं चाचा, पोरीचा हट्ट." सुलाबाईंनी टप भरायलाही घेतला होता. मी काय म्हणणार? सुरी खाली ठेवली. भोपळा ताईंनीच उचलून सोडला.

आधी तरंगला. मग बुडबुडे. एक, दोन, मग माळच. मुलं खूश! "भोपळा बोलतोय!" "त्याला सर्दी झालीय!" आणि भोपळा हळूहळू एका अंगावर कलला, खाली खाली बसत गेला. पाण्यात गेरूचा तांबडा ढग. ओवीनं बाही वर न करता हात घातला आणि बुडबुड्यांच्या मुळाशी बोट ठेवलं.

"इथून येतात. इथे चीर आहे. कुणी कापला?"

सगळ्यांनी सुलाबाईंकडं बघितलं. मोठ्यांनीही. म्हणजे मंगलताईंनी. विळी-सुरी त्यांच्या ताब्यात, सकाळपासून भोपळाही, दुसरं कोण? सुलाबाईंचा चेहरा असा उतरला की काय सांगू. "माझ्याकडं काय बघता? मी कशी हात लावीन? माझा लेक हाय घरी..."

तिथं मात्र मला बसवेना.

म्हटलं, "मी कापला. काल, घरी, कुणी नसताना. माझा हात थरथरतो. तुम्हाला दिसू नये म्हणून आधीच कापून आणला आणि वरून रंग लावला. चूक केली." मग पाण्याचा पेला उ.हा.त उचलून धरला. सगळ्यांनी बघितलं. चादर ओली झाली.

मंगलताईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं मी इथल्या मुलांना सांगतोय, डोळ्यांना दिसलं ते सांगायचं. सांगितलं त्यांनी. माझं पितळ माझ्याच शिकवणीनं उघडं पडलं.

ओवी माझ्या हाताजवळ आली. नीट बघितलं. आधी बघायचं, मग हात लावायचा. मग बोट लावलं. मग म्हणाली,

"माझ्या पणजीचा पण हलतो. आम्ही तिला अर्धा कप देतो. मग सांडत नाही."

आणि जागेवर जाऊन बसली. विषय संपला.

१७ ऑक्टोबर

गेलो नाही. दहा वाजले, सव्वादहा वाजले. आता सुतळी... आता गाणं... असं करत घड्याळ बघत बसलो.

दुपारी मंगलताई घरी आल्या. पहिल्यांदाच. हमीदानं शिरखुर्म्याच्या वाट्या काढल्या, ईद नसताना. ताई म्हणाल्या, "चाचा, पर्यवेक्षिकाबाईंना कळवावं लागलं. लपवता येणार नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत वर्गात तुमच्या हातात सुरी नको."

म्हटलं, बरोबर आहे. मी आता कशाला येऊ मग?

त्यांनी वाटी खाली ठेवली. आमच्या पुणेरी बाई त्या, गोड बोलण्याची सवय नाही. "सुरीला कधी बोलावलंच नव्हतं चाचा. तुम्हाला बोलावलं होतं. आणि असं न येऊन कसं भागेल, मुलं विचारतात ती उत्तरं मी कुठून आणू? बुडबुडे का आले, यावर आज बावीस जणांची बावीस मतं झालीत. येऊन निस्तरा."

जाताना म्हणाल्या, "सुलाबाईंची माफी मात्र मी मागितलीय. तुम्हीही मागा."

त्या गेल्या आणि हमीदानं चहा आणला. अर्धा कप. मी कपाकडं बघतच बसलो.

"हे कधीपासून?"
"काय?"
"अर्धा."
"रमजानपासून."
"तुला माहीत होतं?"
"कपबश्या कोण धुतं या घरात?" म्हणाली. "बशीत चहा जास्त, कपात कमी. मी काय आंधळी आहे?"
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही कुठं बोललात?"

पाच महिने. मी वहीत तिला कंजूष म्हणून लिहिलं आणि ती बाई रोज दोनदा उठून चहा आणत होती.

दुसरा अर्धाही प्यायलो. गरम होता.

१८ ऑक्टोबर

सुलाबाईंची माफी मागितली. म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. आता ह्याचं काय करायचं? पाणी शिरलंय, नासंल." मी म्हटलं, सुरीला मला बंदी आहे. दुसरा बाप्या शोधू.

त्यांनी भोपळा फिरवून चीर बघितली, अंगठ्यानं मापली. "घाव तर पडलाय. बाप्याचाच हाय. घरी घातला काय नि हितं घातला काय?" आणि पदर खोचून, माझीच खाच विळीच्या पात्यावर धरून, एका दमात दोन फाका! मी अकरा वर्षांत इतका सरळ कापला नव्हता.

म्हणजे माझी चोरी कामाला आली. वर बसलेल्याची गंमत कळत नाही.

बिया दहा-दहाच्या ढिगात मांडल्या. धागे, गर, बुळबुळीत हात. दोघांनी तोंड वाकडं केलं, बाकीचे कोपरापर्यंत आत. बुडबुड्यांचा खटला निकाली निघाला: पाणी आत गेलं, हवा बाहेर आली, दोघांना एका जागी राहता येत नाही. ओवीचा निकाल. मी नुसती मान हलवली.

एक छोटी फोड खिडकीत बरणीत ठेवली, नासते कशी ते रोज बघायला. थोड्या बिया ओल्या कापसात. गराचे घारगे सुलाबाई उद्या करणार. डोळे भरून येतात हल्ली उगाच.

२३ ऑक्टोबर

आज कंदील. दर वर्षी सुरीनं चांदण्या कोरायचो. या वर्षी हत्यारांच्या पेटीतून जुनं गिरमिट काढलं, लाकडाला भोक पाडायचं, हातानं फिरवायचं. अर्धा भोपळा पोखरून पालथा घातला. मी वरून मूठ धरायची, मुलानं दांडी फिरवायची. हात थरथरला तरी गिरमिटाला फरक पडत नाही. भोक पडतंच, जरा मोठं पडतं. प्रत्येकाचं एक भोक. बावीस. तेविसावं सुलाबाईंचं, "मलाबी एक."

एका आईनं विचारलं, तिच्या मोठ्या मुलाच्या इंग्रजी शाळेत भोपळ्याला भुताचं तोंड कोरतात, तसं का नाही? मंगलताई म्हणाल्या, "आमच्याकडे बावीस भुतं आधीच आहेत."

खिडक्यांना गोणपाटं लावली, आत पणती ठेवली. भर दुपारी अंधार, आणि छतावर ठिपकेच ठिपके. "माझा कुठला? माझा कुठला?" पणतीची वात हलली की सगळे ठिपके थरथरायचे. एकानं ओरडून सांगितलं, "आजोबांच्या हातासारखे!" आणि सगळे हसले. मीही.

किती दिलंस रे भोपळ्या. किती दिलंस.

२८ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. मंगलताईंकडून फराळ, आमच्याकडून त्यांना शेवया. इम्रानला मीच फोन केला. "घे तुझी ती अपॉइंटमेंट." मग म्हणाला, "थँक्यू अब्बा." आभार मी मानायचे होते. १४ नोव्हेंबरची मिळाली. भीती वाटते. लिहून ठेवतो.

११ नोव्हेंबर

बालवाडी उघडली. कापसातल्या बियांना सुट्टीत सुलाबाई येऊन पाणी घालत होत्या, कुणी सांगितलं नसताना. सहा उगवल्या. टोपी डोक्यावर घेऊन वर आल्यात, पहिल्या दिवशीच्या पोरांसारख्या. बरणीतल्या फोडीवर बुरशीचं रान माजलंय, काळं, पांढरं, एक हिरवं. मुलं नाक दाबून रांगेत उभी राहिली बघायला.

पर्यवेक्षिकाबाईंचं उत्तर अजून नाही. येईल तेव्हा येईल, हो किंवा नाही. डॉक्टर परवानंतरच्या दिवशी.

ओवीच्या आईनं गावाकडून नवा भोपळा पाठवलाय. अख्खा, पहिल्यापेक्षा मोठा. ओवीनं सुलाबाईंना विचारलं, "आता तुम्ही कापा ना."
"न्हाई बाई."
"का?"
सुलाबाईंनी माझ्याकडं बघितलं, भोपळा फिरवून देठ चाचपला. मग म्हणाल्या, "देठ शाबूत हाय. सहा म्हैने बसतोय त्यो. कुणाला घाई हाय?"

खाऊच्या वेळी ओवीनं मला पाणी आणून दिलं. पेला अर्धा.

नवा भोपळा फळीवर ठेवायच्या आधी टपात सोडला. मीच सोडला, दोन्ही हातांनी. सगळ्यांनी वाकून, श्वास धरून बघितलं.

तरंगला. बुडबुडा एकही नाही.